सह्या असलेली जुनी बॅट विकायची आहे. आधी खरेपणाचा दाखला घ्यावा का?

शिवडीकर

नमस्कार मंडळी. आमच्या थोरल्या काकांच्या निधनानंतर त्यांच्या घरातील सामानाची आवराआवर करताना माळ्यावर क्रिकेटची एक बॅट सापडली. ती पूर्ण आकाराची असून तिच्या दर्शनी बाजूवर निळ्या शाईत बारा-तेरा सह्या आहेत. काका एका कापड गिरणीच्या कचेरीत नोकरीला होते आणि कार्यालयीन संघांच्या सामन्यांत गुणलेखक म्हणून बसत, त्यामुळे त्यांच्या खेळाडूंशी ओळखी होत्या. १९७१ साली इंग्लंडला हरवून परतलेल्या संघाने या बॅटवर सह्या करून दिल्या, असे आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. तसा लेखी पुरावा मात्र काहीही नाही.

बॅट विकून येणारी रक्कम काकूंना द्यावी, यावर सर्व भावंडांचे एकमत आहे. मतभेद पुढे आहेत. अमेरिकेतील चुलतभाऊ म्हणतो की तिथल्या एखाद्या नामांकित कंपनीकडून सह्यांची पडताळणी करून घेतल्याशिवाय विक्रीचे नावही काढू नये. धाकट्या भावाचे म्हणणे असे की पाठवण्याचा खर्च, विमा आणि शुल्क यांतच निम्मी किंमत जाईल, तेव्हा आहे तशी विकावी आणि मोकळे व्हावे. ज्यांनी अशा वस्तू घेतल्या किंवा विकल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिसरा_पंच

दाखल्याचा विचार नंतर करू. आधी कोणकोणाच्या सह्या वाचता येतात, त्यांची यादी द्यावी.

शिवडीकर

स्पष्ट वाचता येणाऱ्या सह्या अशा: अजित वाडेकर, सुनील गावसकर, गुंडाप्पा विश्वनाथ, फारुख इंजिनीयर, एकनाथ सोलकर, सलीम दुराणी, बिशनसिंग बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन, आबिद अली आणि मन्सूर अली खान पतौडी. उरलेल्या दोन आम्हाला लागत नाहीत.

तिसरा_पंच

मग १९७१ ची कथा या यादीतच मोडते. त्या वर्षी भारताचे दोन दौरे झाले. वेस्ट इंडिजला गेलेल्या संघात दुराणी होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात सोबर्स आणि लॉइड यांना त्यांनीच बाद केले. इंग्लंडच्या दौऱ्यावर मात्र दुराणी नव्हते. उलट चंद्रशेखर आणि इंजिनीयर वेस्ट इंडिजला गेले नव्हते आणि इंग्लंडमध्ये खेळले. ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेणारे चंद्रशेखरच. पतौडी तर दोन्ही दौऱ्यांत नव्हते. म्हणजे ही नावे १९७१ च्या कोणत्याही एका संघात एकत्र बसत नाहीत.

ती बसतात १९७२-७३ च्या मायदेशातील मालिकेत. टोनी लुईस यांचा इंग्लंडचा संघ आला होता, आपण ती मालिका २-१ अशी जिंकली आणि पतौडी मद्रासच्या कसोटीपासून वाडेकरांच्या हाताखाली खेळले. दुराणींना कानपूरला वगळल्यावर मुंबईत किती गहजब झाला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रेबॉर्नवर झालेल्या कसोटीत दुराणी आणि पतौडी दोघेही होते. काका मुंबईतच राहत असतील, तर माझा अंदाज त्या कसोटीचा आहे.

पारिजात

म्हणजे सह्या खोट्या आहेत, असे म्हणायचे आहे का? बिचाऱ्या काकूंचे काय?

तिसरा_पंच

मुळीच नाही. कथा चुकीची असणे आणि सह्या खोट्या असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या गोष्टी पन्नास वर्षांत सर्वांत मोठ्या विजयाकडे सरकत जातात, त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. उलट एखाद्या भामट्याने १९७१ ची बॅट बनवायची ठरवली असती, तर त्याने त्या संघाची यादी समोर ठेवून त्या वर्षी गाजलेल्या दिलीप सरदेसाईंची सही सर्वांत आधी ठोकली असती.

खातेपालक

मी बँकेत आयुष्यभर धनादेशांवरच्या सह्या नमुना कार्डाशी ताडून पाहिल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सही जुळते की नाही हे ठरवताना नवखा माणूस अक्षरांचा आकार पाहतो आणि बनावट करणाराही तेवढ्याचीच काळजी घेतो. खरी परीक्षा रेघेची असते. ज्याची सही असते त्याचा हात वेगाने जातो, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी रेघ निमुळती होते, वळणावर दाब बदलतो आणि कधीकधी एखादे अक्षर अर्धवटच राहते. दुसऱ्याची सही काढणारा ती चितारतो. त्याचा दाब सर्वत्र सारखा असतो, शेवट बोथट असतो आणि जिथे मूळ सहीत हात थांबत नाही अशा ठिकाणी लेखणी उचलल्याची खूण दिसते. चांगल्या भिंगातून हे घरीही पाहता येते. बॉलपेन असेल तर लाकडावर खाच उमटलेली असेल. ती खाच तिरप्या प्रकाशात पाहावी. फेल्ट टिपची शाई असेल तर ती विलो या बॅटच्या लाकडाच्या रेषांबरोबर पसरते आणि अशा पसरलेल्या सहीवर कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ हातचे राखूनच मत देईल.

दुसरे असे की सर्व सह्या एकाच पेनाने असणे संशयास्पद नसते, कारण ड्रेसिंग रूममध्ये एकच पेन हातोहात फिरते. सर्व सह्यांचा तिरपेपणा आणि दाब एकसारखा असेल तर मात्र सावध व्हावे. संघातल्या एखाद्याने गैरहजर सहकाऱ्याची सही स्वतःच करून टाकणे, हा प्रकारही क्रिकेटमध्ये जुना आहे. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो, पण ती सही खरी ठरत नाही.

वाडेकर स्टेट बँकेत होते, सरदेसाई एसीसीत, सोलकर मफतलालमध्ये आणि गावसकर निर्लॉनमध्ये. या नोकऱ्यांमुळे त्या काळच्या खेळाडूंच्या सह्या कार्यालयीन कागदांवरही सापडतात. तथापि कागदपत्रावरची सही आणि मैदानाबाहेर घोळक्यात उभे राहून केलेली सही यांत बराच फरक पडतो, म्हणून तुलना करायची तर त्याच काळातील, चाहत्यांना दिलेल्या सह्यांशीच करावी. उतारवयातल्या सहीशी तर नकोच.

उनाड_विद्यार्थी

खातेपालक काका, आमच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मी सलग चार इयत्ता केली आणि एकाही शिक्षकाने रेघेचा शेवट पाहिला नाही. आपण आमच्या शाळेत नव्हता, हे माझे नशीब.

खातेपालक

शिक्षकांनी पाहिला असणार. वडिलांना बोलावण्याचा त्रास त्यांनी वाचवला असेल.

एडिसनवासी

मी अमेरिकेत बेसबॉलच्या वस्तूंचा थोडाफार संग्रह करतो, त्यामुळे चुलतभावाचे म्हणणे मला समजते. इथे सह्या पडताळणाऱ्या कंपन्यांत पीएसए, जेम्स स्पेन्स ऑथेंटिकेशन म्हणजे जेएसए आणि बेकेट ही तीन नावे प्रमुख आहेत. ते वस्तूवर क्रमांक असलेला लहानसा स्टिकर लावतात, तो काढू गेल्यास फाटतो. तोच क्रमांक त्यांच्या नोंदीत आणि पत्रावर असतो. हे नसेल तर इथला बहुतेक ग्राहक जुन्या सहीकडे ढुंकूनही पाहत नाही.

असे का झाले, त्यामागे इतिहास आहे. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम राबवली. सॅन डिएगो परिसरातील एक टोळी बेब रूथ, मिकी मँटल अशा नामवंत बेसबॉलपटूंच्या सह्या स्वतः करून देशभर विकत होती. छाप्यांत मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही सापडले. विकल्या गेलेल्या अशा कितीतरी वस्तूंबरोबर खरेपणाचे प्रमाणपत्रही दिले जात होते, हे विसरू नये.

उनाड_विद्यार्थी

मदर तेरेसा फलंदाज होत्या की गोलंदाज?

कागदकपटे

एडिसनवासी यांच्या शेवटच्या वाक्याखाली मी जाड रेघ ओढू इच्छितो. प्रमाणपत्र हा कागद आहे आणि त्याची किंमत देणाऱ्याच्या विश्वासार्हतेएवढीच असते. मी स्वतः एका जुन्या खेळाडूची सही असलेले छायाचित्र एका दुकानातून घेतले होते. सोबत सोनेरी शिक्का असलेले देखणे प्रमाणपत्र होते आणि त्यावर त्याच दुकानाच्या मालकाची सही होती. पुढे ते विकायला काढले तेव्हा लिलाव करणाऱ्या गृहस्थांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवले आणि छायाचित्र खिडकीपाशी नेले. सही छायाचित्राबरोबरच छापलेली होती. तिच्यावर शाईची चमक नव्हती आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसत होते. विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला दिलेला दाखला पडताळणीत धरू नये, एवढे तरी सर्वांनी लक्षात ठेवावे.

सव्यसाची

मला वाटते की 'दाखला घ्यावा का' याच्या आधी 'विकत कोण घेणार' हे ठरवले पाहिजे. दाखला विक्रेत्याच्या समाधानासाठी नसतो, तो ग्राहकासाठी असतो. अमेरिकन कंपन्यांकडे तुलनेसाठी जमवलेले नमुने मुख्यतः त्यांच्या खेळांचे आहेत. ब्रॅडमन किंवा तेंडुलकर यांच्याबाबतीत ते ठामपणे बोलू शकतील. आबिद अली आणि सोलकर यांच्या १९७० च्या दशकातील सह्यांचे किती नमुने त्यांच्यापाशी असतील, याचा चुलतभावाने विचार करावा. मत देता आले नाही, तरी बॅट नेण्या-आणण्याचा खर्च आणि कस्टम्सची कागदपत्रे तुमच्याच माथी. शिवाय अमेरिकेत क्रिकेटच्या बॅटला बोली लावणारे फारसे नाहीत.

क्रिकेटच्या जुन्या वस्तूंचा बाजार प्रामुख्याने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि भारत इथे आहे. तिथली लिलावगृहे वस्तू स्वीकारण्याआधी आपल्या जाणकारांकडून पाहतात आणि बहुतेक ठिकाणी छायाचित्रांवरून प्राथमिक मत विनामूल्य मिळते. ते मत आधी घ्यावे. त्यांनीच अमुक एका कंपनीचे पत्र मागितले, तर त्यावर खर्च करणे सयुक्तिक ठरेल. आपण होऊन आधी पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एडिसनवासी

सव्यसाची, हे मला सरसकट मान्य नाही. लिलावगृहाला दलाली मिळते, म्हणून त्याचे मत पूर्णपणे तटस्थ नसते. त्रयस्थाच्या मतामुळे भाव वाढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सव्यसाची

बेसबॉलमध्ये पाहिले असेल आणि तिथे ते खरेच आहे. शिवाय पडताळणीनंतरही भाव वाढेलच असे नाही. ब्रॅडमन यांनी निवृत्तीनंतर कित्येक दशके चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देऊन सह्या केल्या, त्यामुळे त्यांची अस्सल सहीसुद्धा दुर्मीळ नाही. २०२० मध्ये शेन वॉर्न यांची कसोटी टोपी १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरना गेली आणि धोनी यांची २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली. दोन्ही वस्तू थेट खेळाडूकडूनच लिलावात आल्या होत्या. तिथे सहीची पडताळणी हा प्रश्नच उद्भवला नाही. माळ्यावरच्या बॅटकडून तशा आकड्यांची अपेक्षा ठेवू नये. आपल्या धागाकर्त्यांच्या बाबतीत काकांचे खेळाडूंबरोबरचे एखादे छायाचित्र, गुणलेखकाची वही किंवा त्या दिवशीचे तिकीट सापडले, तर ते कोणत्याही स्टिकरपेक्षा उपयोगी पडेल.

कायद्याचे_बोलू

कोणी विक्रेत्याच्या जबाबदारीविषयी बोलले नाही, म्हणून लिहितो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विक्री झाली, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट करारात अंतर्भूत असते. 'वाडेकर यांच्या सहीची बॅट' असे लिहून विकली आणि सही त्यांची नाही असे निघाले, तर 'आम्हालाही ठाऊक नव्हते' एवढ्यावर सुटका होत नाही. पडताळणी करायची नसेल, तर वर्णनात 'कुटुंबाच्या समजुतीनुसार अमुक खेळाडूंच्या सह्या, स्वतंत्र पडताळणी केलेली नाही' असे लिहावे. अर्थातच त्यामुळे भाव कमी येईल. याउलट पडताळणी केली आणि एखादी सही नापास झाली, तर ती माहिती दडवून दुसरीकडे विकणे ही सरळ फसवणूक होईल. म्हणून दाखला मागण्याआधी, प्रतिकूल मत आले तर काय करायचे, हे सर्व भावंडांनी ठरवून ठेवावे.

पारिजात

हा मुद्दा पटला. आमच्याकडे आजोबांची एक सह्यांची वही आहे, १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावरील भारतीय संघाची. मर्चंट, हजारे, मंकड, मुश्ताक अली अशी नावे आहेत. तिलाही हेच लागू होते का?

तिसरा_पंच

१९४६ ची असेल तर एक नाव जरूर पाहा. पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झालेले कारदार त्या दौऱ्यावर आपल्याकडून खेळले आणि तेव्हाच्या धावफलकांत त्यांचे नाव 'अब्दुल हफीझ' असे आहे. तुमच्या वहीत 'कारदार' अशी सही असेल, तर ती कधी केली गेली हे मी दोनदा तपासेन.

कायद्याचे_बोलू

पारिजात, ती वही परदेशी पाठवण्यापूर्वी १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा पाहावा. इतर वस्तूंसाठी मर्यादा शंभर वर्षांची असली, तरी ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ती ७५ वर्षांची आहे आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. सह्यांची वही त्यात मोडते की नाही, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घेऊन ठेवणे श्रेयस्कर. शिवडीकर यांच्या बॅटला हा प्रश्न येणार नाही.

पश्चिमवारा

सह्या स्वतः पाहून नजर तयार करायची असेल, तर पुण्यातील 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयात जाऊन यावे. तिथे सह्या असलेल्या पुष्कळ बॅट मांडलेल्या आहेत. आणि बॅटला हौसेने जवसाचे तेल मुळीच लावू नका. खेळायच्या बॅटला जे हितकारक, ते सह्यांना मारक. तेलाने शाई फुटते. फिकट झालेली सही पेनाने 'उठावदार' करण्याचा मोह कोणाला होत असेल, तर बॅट कुलपात ठेवा.

शिवडीकर, बॅटचे वर्णन अजून अपुरे आहे. बनवणाऱ्याचे नाव दिसते का? मागची बाजू कशी आहे?

शिवडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेबल झिजले असून नाव लागत नाही. मागच्या बाजूस मधोमध उभा, लांबट खोलगट भाग कोरलेला आहे आणि त्यात लाल रंगाचे अंश शिल्लक आहेत. मूठ मागाहून बदललेली वाटते.

तिसरा_पंच

मग माझा ब्रेबॉर्नचा अंदाजही बाद. पाठ अशी कोरलेली बॅट म्हणजे ग्रे-निकोल्सची 'स्कूप', आणि ती बाजारात आली १९७४ मध्ये. ही बॅट त्यांची असो वा इथल्या कारागिरांनी केलेली नक्कल असो, ती त्याआधीची असू शकत नाही. तोवर दुराणी शेवटची कसोटी खेळून मोकळे झाले होते आणि वाडेकरही १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर निवृत्त झाले. तेव्हा या सह्या कोणत्याही कसोटी संघाच्या नाहीत. त्या काळी माजी आणि चालू खेळाडू एकत्र खेळत अशा बेनिफिट मॅच, म्हणजे कोणाच्या तरी मदतीसाठी भरवलेले सामने, होत असत, तिथल्या असाव्यात. किंवा काकांनी एकेक करून जमवलेल्या.

एडिसनवासी

हे मात्र मान्य केले पाहिजे. अमेरिकेला पाठवली असती, तर तिथे सह्या तपासल्या गेल्या असत्या, पण सह्यांमागची कथा कोणी इतक्या बारकाईने तपासली नसती. कथा खोटी असलेली आणि सह्या खऱ्या असलेली बॅट प्रमाणपत्रासह '१९७१' म्हणून विकली गेली असती आणि पुढच्या जाणकार ग्राहकाने ती परत केली असती.

कागदकपटे

माझ्या अल्पमतीनुसार, बेनिफिट मॅचची बॅट म्हणून किंमत उतरेल. तरीही पतौडी, वाडेकर, दुराणी, सोलकर आणि बेदी यांपैकी कोणीच आता हयात नाही, त्यामुळे इतके जण एकाच बॅटवर असणे संग्राहकाला हवेसे वाटेल. मात्र आता प्रत्येक सही स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, कारण 'संघाची बॅट' हा आधार गेला.

शिवडीकर

काल सर्वांनी दूरध्वनीवर बोलून असे ठरवले आहे: तूर्त कोणालाही शुल्क द्यायचे नाही. इंग्लंडमधील एक आणि इथले एक अशा दोन लिलावगृहांना प्रत्येक सहीची स्वतंत्र छायाचित्रे, बॅटच्या पाठीचे छायाचित्र आणि काकांच्या नोकरीचा व गुणलेखनाचा तपशील पाठवायचा. १९७१ चा उल्लेख करायचा नाही. त्यांनी एखाद्या विशिष्ट तज्ज्ञाचे पत्र मागितले, तर निवडक सह्यांपुरतेच घ्यायचे. चुलतभावाला हे पूर्णपणे मान्य नाही; लिलावगृहाने दोन सह्यांवर शंका घेतली तर तो स्वतःच्या खर्चाने तिकडे पडताळणी करणार आहे. प्रतिकूल मत आल्यास ते वर्णनात नमूद करायचे, हेही लिहून ठेवले आहे.

कायद्याचे_बोलू

उत्तम. बॅट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न लिलावगृह विचारेलच. काकू आणि त्यांची मुले अशा सर्व वारसांच्या लेखी संमतीचा कागद आत्ताच करून ठेवावा.

खातेपालक

आणि न लागलेल्या त्या दोन सह्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे इथेही टाकावीत. बेनिफिट मॅचच्या बॅटवर पंच, संघाचे व्यवस्थापक आणि आयोजक हेही सह्या करून जातात, त्यामुळे केवळ खेळाडूंच्या यादीत शोधत बसू नये. त्यांपैकी आयोजकाची सही ओळखता आली, तर सामना कोणता होता हे कळण्याचा तोच सर्वांत जवळचा मार्ग असेल.